क्वार्टरातला सूर्य

गेल्या जुलैत, शाळा सुटल्यावर, अकरावीतला एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. हातात पिशवी, पिशवीत जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर. पिपलानीच्या बाजारातल्या कबाड्याकडून (आपण ज्याला भंगारवाला म्हणतो तो) घासाघीस करून आणलेला. "सर, हे प्रयोगशाळेत ठेवू का? आई घरात ठेवू देत नाही." कशासाठी, असे विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "फ्यूजर करायचाय. सूर्यात जे होतं ते."

मी एम. ए. झालो तो इतिहास घेऊन. सूर्यात काय होते हे मला शाळेपुरतेच ठाऊक. मराठी पुस्तकांत त्याला केंद्रकीय संमीलन म्हणतात, आमची मुले हिंदी पुस्तकातून 'संलयन' शिकतात, आणि घरी वडील फ्यूजनच म्हणतात. तीन शब्द, वस्तू एक: हलकी अणुकेंद्रके एकमेकांत मिसळून जड केंद्रक होणे आणि त्यातून ऊर्जा सुटणे. ट्रान्सफॉर्मर मी कपाटात ठेवून कुलूप लावले आणि दिवाळीपर्यंत उत्तर देईन असे त्याला सांगितले. मग माझ्या पद्धतीने, म्हणजे इतिहासाच्या वाटेने, शोध सुरू केला.

हा फ्यूजर एका टेलिव्हिजनवाल्याचा आहे, हे कळल्यावर मला मौज वाटली. फायलो फार्न्सवर्थ हा अमेरिकेतल्या यूटा प्रांतातला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९०६. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९२७ साली, त्याने सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनचे चित्र पाठवून दाखवले. निर्वात नळ्यांशी आयुष्यभर खेळताना त्याला सुचले की गोल जाळीला प्रचंड ऋण दाब दिला तर विद्युतभारित अणू चहूकडून मध्यभागी धाव घेतील आणि काही एकमेकांवर आदळून मिसळतील. १९६६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याचा सहकारी रॉबर्ट हर्श याने १९६७ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. न्यूट्रॉन खरोखरच निघत होते. पण जितकी वीज आत घालावी तिच्या पासंगालाही पुरेल इतकी ऊर्जा बाहेर येत नव्हती, आजही येत नाही. पैसा आटला आणि १९७१ साली फार्न्सवर्थ वारला. यंत्र मात्र हौशी लोकांनी उचलले. २००८ साली टेलर विल्सन या चौदा वर्षांच्या मुलाने, तर २०१८ साली मेम्फिसच्या जॅक्सन ओस्वाल्टने तेरावा वाढदिवस व्हायच्या आत ते चालवून दाखवले. आमच्या चिरंजीवांनी नेमकी हीच दोन नावे तोंडपाठ केली होती.

घरात सूर्य म्हटल्यावर बॉम्बची भीती वाटते. ती निराधार आहे. वीज काढली की सारे क्षणात थांबते. खरे धोके साधे आहेत, म्हणूनच वाईट. वीस-तीस हजार व्होल्ट दाब. चूक दुसऱ्यांदा सुधारायला माणूस उरत नाही. माझ्या कपाटातला ट्रान्सफॉर्मर जेमतेम दोन हजारांचा, पण जीव घ्यायला तोही पुरेसा. दुसरा धोका क्ष-किरणांचा: वेगवान इलेक्ट्रॉन धातूच्या भिंतीवर आदळले की क्ष-किरण निघतात. जाड पोलाद ते बरेचसे अडवते, काचेची खिडकी तितके अडवत नाही. आणि मुलगा डोळे लावून बसणार नेमका त्या खिडकीपाशी. न्यूट्रॉन तर दिसत नाहीत, वास येत नाही, आणि पोलादातूनही बरेचसे पार होतात.

येथे थोडे विषयांतर. आपल्या भेलचा, म्हणजे पूर्वीच्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा, जन्म १९५६ चा. त्याला तांत्रिक सहकार्य होते इंग्लंडच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज कंपनीचे. त्याच सुमारास तीच कंपनी आपल्या ऑल्डरमॅस्टनच्या प्रयोगशाळेत 'सेप्टर' नावाच्या यंत्रावर संमीलनाचे प्रयोग करीत होती! जानेवारी १९५८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञांनी हार्वेलच्या 'झीटा' यंत्राने सूर्य साधल्याची वार्ता दिली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. न्यूट्रॉन होते, पण दुसऱ्याच कारणाने. आपले होमी भाभाही १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत म्हणाले होते की दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत येईल. सत्तर वर्षे उलटून गेली. इतक्या थोरांचा अंदाज चुकला, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या उतावळेपणाला मी हसलो नाही.

आता कायदा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांनुसार किरण निर्माण करणारे यंत्र परवानगीवाचून चालवता येत नाही. दातांच्या डॉक्टरांच्या क्ष-किरण यंत्रालाही त्यातून सुटका नाही. फ्यूजरला लागणारा ड्यूटेरियम हाही विहित पदार्थांच्या यादीत घातलेला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, पण मोठ्या वीजकेंद्रांच्या चर्चेत हौशी मुलाकडे कोणाचे लक्ष जाणार? अमेरिकेतल्या अणुनियामक आयोगाने २०२३ साली ठरवले की संमीलनाच्या यंत्रांना अणुभट्टीचे नियम लावायचे नाहीत, किरणोत्सारी पदार्थांचे लावायचे. मला हे शहाणपणाचे वाटते. धोक्याच्या मापाने नियम असावा. डासाला तोफ नको, आणि वाघाला काठीही नको.

मंडळ स्थापन झाल्यावर जेमतेम वर्षभराने, २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. मी तेव्हा शाळेत शिकत होतो. त्या कारखान्याची शीतकरण यंत्रणा बंद होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. पर्यावरण संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, १९८६ साली. भोपाळच्या माणसाला 'परवाना' हा शब्द कागदी वाटत नाही, तो याचमुळे. आणि शिकलेल्यांनी फार ऐट मिरवू नये: २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० सापडला, एक मजूर मेला, आणि ती वस्तू आली होती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून, लिलावात विकलेली.

दसऱ्यानंतर मुलाला बोलावले. सोबत त्याचे वडीलही आले. मी हे सारे सांगितले, 'यंत्र नाही' असेही सांगितले. वडिलांनी मान हलवली, मुलाने नाही. तो म्हणाला, "पण सर, परवाना मागितला तर? कोणी मागितलाच नाही म्हणून कोणाला देत नसतील." वडील माझ्याकडे पाहू लागले. मला उत्तर सुचेना. मी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. मंडळाचे कार्यालय मुंबईला, अणुशक्तीनगरात.

"मराठीत लिहू की हिंदीत?" त्याने विचारले.

दोन्हीत लिहिले. शाळेचा शिक्का मी मारला आणि परवा ते स्पीड पोस्टाने गेले. ट्रान्सफॉर्मर अजून कपाटात आहे, किल्ली माझ्या खिशात.