एका रविवारचं कूळ आणि मूळ

‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट 1971 साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. विषय मोटारसायकलच्या शर्यती, लांबी जेमतेम दीड तास, पडद्यावर खरीखुरी माणसं आणि सोबतीला दिग्दर्शक ब्रूस ब्राऊनचा गप्पा मारल्यासारखा आवाज. अर्धशतक उलटून गेलं. त्यातल्या गाड्या आता संग्राहकांच्या ताब्यात आहेत, तरी हा माहितीपट अजून आवडीनं पाहिला जातो. पाहणारे सगळे फटफटीवालेच असतात असंही नाही. एखादी कृती इतकी टिकते तेव्हा तिचं कूळ शोधावंसं वाटतं. नागपुरात बसून ते शोधायला घेतलं, तर एक धागा थेट वर्ध्याला जाऊन पोहोचतो.

सुरुवात ब्राऊनपासून करू. 1937 साली जन्मलेला हा माणूस समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचे चित्रपट करायचा. त्याचा ‘द एंडलेस समर’ 16 मिलीमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला होता. समुद्रापासून दूरच्या माणसाला लाटांचं काय कौतुक, म्हणून वितरक तो घ्यायला तयार नव्हते. तेव्हा ब्राऊननं तो कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात ऐन हिवाळ्यात लावला. विचिटा म्हणजे अमेरिकेच्या पोटातलं शहर. समुद्र तिथून नागपूरपेक्षाही लांब. तिथे थिएटर ओसंडून वाहिलं. मनापासून दाखवलेला खेळ परक्यालाही आपला वाटतो, हे ब्राऊनला तिथे पक्कं उमगलं असणार.

पुढे तो मोटारसायकलकडे वळला. पैसा आला स्टीव्ह मॅक्वीनकडून. मॅक्वीन हॉलिवूडचा मोठा नट, पण शर्यतीत ‘हार्वी मशमन’ या खोट्या नावानं उतरणारा. कॅलिफोर्नियातल्या एल्सिनोर गावच्या शर्यतीत तो शेकडो अनामिक स्वारांच्या गर्दीत धूळ खाताना दिसतो. पडद्यावरचा नायक तिथे गर्दीतला एक होतो. त्याच गर्दीतला माल्कम स्मिथ हा मोटारसायकलचा दुकानदार शर्यत जिंकतो, आणि जिंकतानाही त्याचं हसू मावळत नाही.

तंत्राच्या बाबतीतही ब्राऊन अडून बसला नाही. अतिमंद गतीची दृश्यं टिपणारे महागडे कॅमेरे परवडत नव्हते, म्हणून त्यानं 12 व्होल्टच्या कॅमेऱ्यांना 24 व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या. फिल्म दुप्पट वेगानं पळाली आणि पडद्यावर चाकाखालचा मातीचा एकेक कण सुटा होऊन उडताना दिसला. स्वारांच्या हेल्मेटवर कॅमेरे बसवले. आज हेल्मेटवर बोटभर कॅमेरा लावून कुणीही चिखलदऱ्याचा घाट चित्रित करतो. त्या सवयीचे पूर्वज इथे भेटतात.

पण तंत्र जुनं होतं. हा माहितीपट टिकला तो मर्ट लॉविलमुळे. लॉविल 1969 चा राष्ट्रीय विजेता. त्यामुळे 1970 च्या हंगामात त्याच्या हार्ले-डेव्हिडसनवर 1 क्रमांकाची पाटी होती. ब्राऊन वर्षभर त्याच्या मागे फिरला. रात्री गॅरेजमध्ये एकटाच इंजिन उघडून बसलेला, मग गाडी लादून शेकडो मैल दूरच्या पुढच्या शर्यतीला निघालेला लॉविल आपल्याला दिसतो. आणि तो हरतो. कधी यंत्र दगा देतं, कधी नशीब. 1 क्रमांकाची पाटी ट्रायम्फवाल्या जीन रोमेरोकडे जाते. दुसऱ्या कुणी त्याच्या हरण्याचं रडगाणं केलं असतं. ब्राऊन ते करत नाही. लॉविल पुढच्या वर्षीही येणार, एवढं आपल्याला मनोमन पटतं आणि तेवढं पुरतं. या लॉविलनं पुढे हात गमावलेल्या स्वारांना हँडल धरता यावं म्हणून कृत्रिम हात घडवले. कॅमेऱ्यानं माणूस बरोबर हेरला होता.

या माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, पारितोषिक हुकलं. पण आरंभीच्या दृश्यात लहान मुलं मोटारसायकलस्वारांची नक्कल करत सायकली मातीत उडवतात. त्या दृश्यानं बीएमएक्स सायकल शर्यतींचं वेड पसरवायला हातभार लावला, असं जाणकार मानतात. हा खेळ 2008 मध्ये ऑलिम्पिकला पोहोचला.

आता आपल्याकडचा धागा. खेळासमोर कॅमेरा ठेवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ती मुंबईत एका मराठी माणसानं 1899 मध्येच अमलात आणली होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे छायाचित्रकार. 1896 साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून त्यांनी लंडनहून 21 गिनी मोजून कॅमेरा मागवला. मग हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुण्यासाठी पुन्हा लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसानं काढलेल्या पहिल्या चित्रफितींमध्ये ही कुस्ती आहे. याचा अर्थ आपल्या चित्रपटाचं पहिलं पाऊल लाल मातीत पडलं.

पुढे ती वाट बुजत गेली. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाला आणि थिएटरात मुख्य चित्रपटाआधी त्याचे माहितीपट दाखवणं सक्तीचं झालं. त्यात उत्तम कामं झाली, यात शंका नाही. पण तिकीट काढून, आवडीनं पाहायची गोष्ट म्हणून माहितीपट आपल्या मनात रुजला नाही. धरणं, पिकं, उद्घाटनं यांच्या सोबतीनं तो शिकवणीसारखा आपल्यासमोर आला. सावेदादांच्या कुस्तीतला निखळ आनंद त्यात क्वचितच होता.

गंमत अशी, की कॅमेऱ्याची वाट अशी बुजत असताना ‘ऑन एनी संडे’तल्या गाड्या मात्र एकेक करून आपल्या दारी आल्या. इथे वर्धा येतं. नागपूरपासून 75 किलोमीटरवर वर्ध्याला सेठ बच्छराज बजाज राहत. त्यांनी नातू म्हणून दत्तक घेतलेला मुलगा म्हणजे जमनालाल बजाज. गांधीजींना वर्ध्याला आणणारे ते हेच. 1942 मध्ये जमनालालजी गेले. 1945 मध्ये त्यांच्या कुटुंबानं जी कंपनी काढली, तिचं नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ही कंपनी 1948 पासून दुचाकी आणि तीनचाकी बाहेरून आणून विकू लागली. 1959 मध्ये तिला त्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि 1960 मध्ये ती बजाज ऑटो या नावानं पब्लिक लिमिटेड झाली.

2007 मध्ये बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. माल्कम स्मिथ आणि मॅक्वीन ज्या स्वीडिश हस्कवर्नावर बसले, तो ब्रँड पुढे केटीएमच्या घरात आला. 2020 पासून हस्कवर्नाच्या गाड्या भारतात मिळू लागल्या, आणि त्या तयार होतात पुण्याजवळच्या चाकणला. 2024 मध्ये केटीएम आर्थिक संकटात सापडली, आणि 2025 मध्ये तिला सावरायला 80 कोटी युरो उभे केले ते बजाजनं. जीन रोमेरोची ट्रायम्फ घ्या. त्या नावाची 400 सीसीची गाडी 2023 पासून बजाजच्या हातून चाकणलाच बनते. बीएसए हा शर्यतींतला जुना इंग्रजी ब्रँड 2016 पासून महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे. लॉविलच्या हार्लेचं एक्स 440 हे मॉडेल हिरो मोटोकॉर्प बनवते. एका माहितीपटातल्या चार शर्यती घराण्यांचं हे आजचं गोत्र. त्यातली दोन महाराष्ट्रात येऊन थांबतात, आणि त्यांचं बीज वर्ध्याच्या पेढीत सापडतं.

शर्यतही इथे नवी नाही. विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा खेळ, पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. सरळ आखलेली धावपट्टी, हलकी छकडी, तिच्यावर तोल सांभाळणारा धुरकरी आणि सेकंदाच्या अंशांत ठरणारा निकाल. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे पट बंद झाले. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांचे हाल होऊ नयेत म्हणून घातलेल्या त्या अटी कसोशीनं पाळल्याच पाहिजेत. पण पट बंद असलेल्या त्या सात वर्षांत एखाद्या धुरकऱ्यानं जोडी कशी जपली, विकली की ठेवली, खुराकाचा खर्च कुठून काढला, हे कुणी जवळून पाहून ठेवलं आहे का? लॉविलच्या एका हंगामाहून ही गोष्ट तसूभरही लहान नाही.

ब्राऊनची खरी देणगी ही नजर आहे. त्यानं विजेत्याइतकाच वेळ हरणाऱ्याला दिला, शर्यतीइतकाच आदल्या रात्रीच्या गॅरेजला दिला, आणि खेळणाऱ्याकडे ना कीव करत पाहिलं ना चमत्कार म्हणून. ‘ऑन एनी संडे’ पन्नास वर्षं ताजा राहिला तो या बरोबरीमुळे. वेगाची नशा दाखवणाऱ्या चित्रफिती तर रोज हजारोंनी निघतात आणि रोज विसरल्या जातात.

नागपुरात चित्रपटावर प्रेम करणारी मंडळी आहेत. खिशातल्या फोनवर आज जी मंद गती मिळते, तिच्यासाठी ब्राऊनला बॅटऱ्या दुपटीनं जोडाव्या लागल्या होत्या. साधनांची सबब आता उरलेली नाही. एखाद्या धुरकऱ्याचा, किंवा आठवडाभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करून रविवारी स्वतःची गाडी मातीत उतरवणाऱ्या पोराचा एक संपूर्ण हंगाम, जिंकण्या-हरण्यासकट, कुणीतरी निष्ठेनं टिपावा. सावेदादांनी उघडलेली वाट त्यामुळे पुन्हा वाहती होईल. गाड्यांचं कूळ आपण मिळवलं आहे, आता त्या नजरेचं कूळ आपल्या मातीत चालवायला हवं.