लॉस एंजेलिसचा धूर आणि अननसवाला प्राध्यापक

गेल्या शनिवारी गाडीचं पीयूसी काढायला गेलो होतो. तिथल्या पोराने नळी सायलेन्सरमध्ये घातली न घातली तोच सर्टिफिकेट तयार. "झालं साहेब!" मीही मुकाट्याने पैसे दिले आणि निघालो. सहा महिन्यांची कटकट मिटली ना, मग झालं तर. पण सिग्नलला घसा खवखवायला लागला आणि डोक्यात किडा वळवळला, की ही गाडीचा धूर मोजायची भानगड मुळात सुरू कुणी केली? रविवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये, 26 जुलै 1943 ला. भर युद्धाचे दिवस. शहरावर असा काही धूर उतरला की दोन-तीन चौकांपलीकडचं दिसेना, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. काहींना तर वाटलं, जपानने विषारी वायू सोडला! मग संशय गेला अलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनायचं. तो काही काळ बंद ठेवला, तरी धूर आपला तसाच.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. बग सापडला म्हणून एक मॉड्यूल बंद करायचं, आणि सिस्टीम पुन्हा त्याच जागी कोसळते!

शहराची जागाही अडचणीची. एका बाजूला समुद्र, मागे डोंगर आणि वर उबदार हवेचं झाकण. खालची गार हवा वर जाऊच शकत नाही. काब्रियो नावाचा दर्यावर्दी 1542 मध्ये तिथल्या किनाऱ्याला आला, तेव्हा स्थानिकांच्या शेकोट्यांचा धूर तसाच साचलेला पाहून त्याने त्या जागेला 'धुराचा उपसागर' असं नाव दिलं होतं म्हणे. थोडक्यात काय, तर भांडं आधीपासूनच झाकलेलं होतं. विसाव्या शतकाने खाली जाळ वाढवला, इतकंच.

1947 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने स्वतःचं हवा प्रदूषण नियंत्रण मंडळ काढलं. एक गावठाण स्वच्छ ठेवून उपयोग नाही, हवा हद्द बघत नाही, म्हणून अख्ख्या काउंटीसाठी एकच यंत्रणा. अमेरिकेतली अशी ही पहिलीच. त्यांनी कारखाने आणि रिफायनऱ्यांवर बंधनं घातली. तरी डोळे चुरचुरतच होते.

आणि इथे आपला नायक येतो. आरी हागेन-स्मिट, मूळचा डच, पॅसाडेनातल्या कॅलटेकमध्ये प्राध्यापक. बाबा काय करत होता? अननसाला तो वास कशामुळे येतो याचा अभ्यास! त्याने तेच तंत्र वापरून शहराची हवा गोठवली आणि तपासली. 1950 च्या आसपास त्याने दाखवलं की गाड्यांतून आणि रिफायनऱ्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साईड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. रबराला चिरा पडतात त्या त्यामुळेच. म्हणजे धुराड्यातून धूर निघतो तसा हा स्मॉग कुठूनच 'निघत' नव्हता. तो हवेतच शिजत होता. आणि मुख्य कच्चा माल पुरवत होती प्रत्येकाच्या दारातली गाडी.

हे कुणाला आवडणार? तेल कंपन्यांच्या पैशांवर संशोधन करणाऱ्यांनी त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या. तेव्हा हा गृहस्थ अननस बाजूला ठेवून पूर्ण वेळ स्मॉगच्या मागे लागला. केनेथ हान नावाच्या काउंटी सुपरवायझरने 1953 पासून मोटार कंपन्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली. फोर्डकडून उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की, गाडीचा धूर हवेत लगेच विरून जातो, काळजी नसावी. पुढे 1969 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा, की धूर कमी करणारी उपकरणं लांबणीवर टाकण्यासाठी त्यांनी संगनमत केलं. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

सामान्य माणूसही धुतल्या तांदळाचा नव्हता हं. घरोघरी परसात कचरा जाळायच्या भट्ट्या होत्या. 1957 मध्ये त्यांवर बंदी आली, तेव्हा लोकांनी कमी कुरकुर केली नाही. (आपल्याकडे पहाटे कोपऱ्यावर पाला जाळणारे काका आठवले ना? :) )

1967 मध्ये दोन गोष्टी घडल्या. कॅलिफोर्नियाने राज्याचं हवा मंडळ स्थापलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले आपले हागेन-स्मिट. तेव्हाचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. आणि वॉशिंग्टनने कायदा केला की गाड्यांच्या धुराचे नियम देशभर एकच, फक्त कॅलिफोर्नियाला परवानगी घेऊन अधिक कडक नियम करायची मुभा. 1977 मध्ये इतर राज्यांनाही कॅलिफोर्नियाचे नियम उचलायची सोय झाली. म्हणजे एका प्रदेशाने प्रयोग करायचा, जमला तर बाकीच्यांनी घ्यायचा. 1975 च्या सुमारास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशाने तो निकामी होतो, म्हणून बिनशिशाचं पेट्रोलही आलं.

पुढे हीच यंत्रणा हरितगृह वायूंकडे वळली. 2002 मध्ये गाड्यांच्या कार्बनवर कायदा, 2006 मध्ये एबी 32, म्हणजे 2020 पर्यंत राज्याचं उत्सर्जन 1990 च्या पातळीवर आणायचं. ते 2016 मध्येच, चार वर्षं आधी, साधलं. 2013 पासून उत्सर्जनाच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला आणि 2014 मध्ये कॅनडाचा क्वेबेक प्रांत त्याला जोडला गेला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तिथला ओझोनचा उच्चांक 1950 च्या दशकाच्या निम्म्याहून खाली आला, पण शहर अजून राष्ट्रीय मानकात बसत नाही. आणि ती खास मुभा 2019 मध्ये काढली गेली, 2022 मध्ये परत मिळाली आणि 2025 मध्ये वॉशिंग्टनने पुन्हा तिच्यावर घाव घातला. राज्य लगेच कोर्टात गेलं.

आपणही नकळत याच वाटेने चाललो. बिनशिशाचं पेट्रोल 1995 मध्ये आधी चार महानगरांत आलं. बीएस-4 2010 मध्ये आधी 13 शहरांत लागू झालं, त्यात मुंबई, पुण्याबरोबर चक्क सोलापूरही होतं. अख्ख्या देशाला ते मिळालं 2017 मध्ये आणि बीएस-6 आलं 2020 मध्ये.

फरक कुठे आहे? नियमात फारसा नाही. तिथे एक माणूस खरंच हवा मोजत बसला आणि आकडे आवडले नाहीत म्हणून कुणी गप्प करू पाहिलं, तेव्हा आणखी मोजत बसला. इथे न मोजता कागद मिळाला आणि मी खूश होऊन घरी आलो.

असो. उद्या ते सर्टिफिकेट घेऊन पुन्हा जाणार आहे. म्हणणार, "बाबा रे, या वेळी नीट नळी घाल आणि आकडा मला दाखव." नापास झालो तर गॅरेजचा खर्च माझा, पण धूरही माझाच आहे ना!