एका पावलाची वर्गणी

१९९८ सालच्या जानेवारीतली गोष्ट. त्या वर्षी रमजान आणि संक्रांत एकाच महिन्यात आली होती. आमच्या तालुक्याच्या गावी ‘जयपूर फूट’चे शिबिर भरायचे होते आणि पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरायचे काम माझ्याकडे आले. कविता करणारा माणूस बोलण्यात बरा असणार, असा लोकांचा समज असतो. किराणा दुकानदाराने एकावन्न रुपये दिले. भाजीवाल्या मावशींनी तिळगुळाच्या पुडीबरोबर पाचाची नोट ठेवली. मशिदीत तरावीहच्या नमाजनंतर शब्द टाकला, तर काहींनी सदका म्हणून दहा-वीस रुपये हातात दिले. पावती मात्र नको म्हणाले. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मंदिराच्या पावतीपुस्तकात त्यालाच ‘गुप्तदान’ म्हणतात.

शिबिराच्या दिवशी मी माइकवर एक कविता म्हटली. पाय गमावलेल्या माणसाच्या दुःखाची. टाळ्या पडल्या, देणग्याही वाढल्या. समोर सतरंजीवर एक ऊसतोड कामगार बसला होता. उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय गेला होता. कविता चालू असताना त्याने मांडीवरचा टॉवेल पुढे ओढून घेतला. नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाई, पाय देताय, लई उपकार झालं. पन माइकवर माझं गाऱ्हानं गाऊ नका. आमच्या गावची मान्सं बसल्यात हितं.”

मला काही उत्तर सुचले नाही. त्याच्या बोलण्याने मी या पायाचा इतिहास वाचायला घेतला. तोच आज थोडक्यात सांगतो.

तुटलेल्या पायाच्या जागी पाय देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. ऋग्वेदात विश्पलेचा उल्लेख आहे. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिला. तिथे देणारे देव होते. पुढे ते काम सरकारकडे आले. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. सैनिकाच्या पायाचा खर्च देशाने उचलला, ते रास्तच होते. पुढे या केंद्रात सामान्य नागरिकांवरही उपचार होऊ लागले. पण मळणीयंत्रात, रेल्वेखाली, ट्रॉलीखाली ज्यांचे पाय जातात त्यांची संख्या मोठी. त्या सगळ्यांसाठी पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न उरलाच.

पैशाच्या आधी आणखी एक अडचण होती. विलायती धाटणीचा पाय आपल्या माणसाला सोसत नव्हता. त्याचा घोटा ताठ, आणि तो बुटात घालूनच वापरायचा. बूट घालून चिखलात भातलावणी कशी करायची? देवळात, मशिदीत, स्वयंपाकघरात कसे जायचे? मांडी घालून जेवायला आणि उकिडवे बसायला घोटा वाकावा लागतो. असा पाय घेऊन गेलेले रुग्ण पुढे कुबड्यांवरच परत येताना दिसत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात हे दोन माणसांच्या लक्षात आले. एक होते अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी. दुसरे रामचंद्र शर्मा, रुग्णांना हस्तकला शिकवणारे कारागीर. शाळेची पायरी ते फारशी चढले नव्हते, पण हातात कला होती. सायकल पंक्चर झाली म्हणून ते दुकानात थांबले आणि तिथे ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी आठवण सांगितली जाते. १९६८ च्या सुमारास रबर आणि लाकडाचे ते पाऊल तयार झाले. ते सगळ्या बाजूंनी वाकत होते, पाण्यात भिजले तरी चालत होते आणि अनवाणी वापरता येत होते. वरची नळी आधी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केली जाई. नंतर शेतात पाण्यासाठी वापरतात तसल्या प्लॅस्टिकच्या पाइपातून ती होऊ लागली. या पावलावर त्यांनी पेटंटही घेतले नाही.

आता खरी गंमत पाहा. पाऊल तयार झाले १९६८ मध्ये, तरी पुढची काही वर्षे ते मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचले. रुग्णालयाच्या दारापर्यंत येण्याचे भाडे, तिथे राहण्याजेवणाचा खर्च, बुडालेली मजुरी, हे गरिबाला परवडत नव्हते. शोध लागला होता, पण वर्गणी जमली नव्हती.

ती जमवली देवेंद्र राज मेहता या सनदी अधिकाऱ्याने. १९६९ मध्ये एका मोटार अपघातात त्यांचा पाय चिरडला. पाय कापावा लागेल की काय, अशी वेळ आली होती. पाय वाचला, पण कित्येक महिने त्याच रुग्णालयात काढावे लागले. आपल्याला मिळणारे उपचार शेजारच्या गरिबाला का मिळू नयेत, हा प्रश्न तिथलाच. १९७५ साली, महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने, त्यांनी ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. व्यापाऱ्यांच्या देणग्या, विश्वस्त निधी, सरकारी अनुदान असा पैसा उभा राहिला.

या पैशाचा त्यांनी केलेला वापर मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्ण कोणत्याही वेळी आला तरी त्याला आत घ्यायचे. सोबतच्या माणसासह त्याची राहण्याजेवणाची सोय करायची, पाय फुकट बसवायचा आणि परतीचे भाडे हातात द्यायचे. जात, धर्म आडवे येत नाहीत. एक पाय काही हजार रुपयांत होतो, म्हणून दात्याला हिशेब समजतो आणि घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही.

१९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा पाय अपघातानंतर कापावा लागला आणि १९८४ मध्ये याच पायावर त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. अफगाणिस्तानसारख्या देशांत सुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंत हे पाऊल पोहोचले. कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली धरून समितीने मदत केलेल्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. रामचंद्र शर्मांचे नाव मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. गुप्तदानाचा हाही एक प्रकार म्हणायचा.

आमच्या गावची गोष्ट राहिलीच. २००२ मध्ये तो ऊसतोड कामगार पुन्हा आला. टाच झिजली होती, रबर फाटले होते. उसाच्या फडात पाऊल किती टिकणार? कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, वाढत्या मुलाचा तर त्याहून लवकर, हे आम्ही ध्यानातच घेतले नव्हते. शिबिराची समिती सत्कार समारंभानंतर विसर्जित झाली होती. दात्यांचे फोटो होते, शिल्लक शून्य होती. तो माणूस काही बोलला नाही. झिजलेला पाय काढून त्याने माझ्यापुढे ठेवला, एवढेच.

मी पुन्हा पावतीपुस्तक छापून घेतले. त्या वेळी आवाहनात दोनच ओळी लिहिल्या: इतके पाय बदलायचे आहेत आणि एका पायाला इतके रुपये लागतात. कविता नव्हती, कुणाचा फोटो नव्हता. तेव्हापासून दर संक्रांतीला आम्ही बाजारपेठेत एक फेरी काढतो. रक्कम मोठी नसते, पण पेटी रिकामी राहत नाही.

पहिल्या फेरीला तो माणूस नव्या पायावर आमच्याबरोबर चालत होता. कुणाला त्याचा पाय ओळखू आला नाही. त्यानेही सांगितले नाही, आणि मीही नाही.