नाणेघाटातली यादी आणि इंद्रायणीतली खते

माउली, मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालात की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची पायवाट लागते. एकदा चढून जा. माथ्याजवळच्या लेण्यात दोन्ही भिंतींवर ब्राह्मी अक्षरे आहेत. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, याची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळे आकड्यांनिशी. अंक लिहिल्याच्या भारतातल्या फार जुन्या पुराव्यांत हा लेख मोडतो. आपल्या वेशीवरचे इतके जुने आकडे, आणि तेही दिल्याचे! मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

दिल्याचा हिशेब आपणही ठेवतो. आसनगाव स्टेशनबाहेर गळ्यातली माळ पाहून एकाने हाक मारली, "माउली, पाकीट मारलं, कसाऱ्याला जायचंय." मी शंभर रुपये दिले. आठ दिवसांनी तोच माणूस दुसऱ्याला तेच सांगत होता. शंभराचे दुःख दोन दिवसांत गेले, फसल्याचे मात्र महिनाभर पुरले.

तेव्हा तुकोबांची आठवण झाली. देहूला त्यांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे कर्जाची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्या कुळांत सगळेच नाडलेले असतील का? ऐपत असून तोंड लपवणारा एखादा असेलच. पण खरा कोण, खोटा कोण, हे निवडत तुकोबा बसले नाहीत. आणि एक गोष्ट आपण सांगताना गाळतो: बुडवली ती आपल्या वाट्याची. धाकट्या कान्होबांची अर्धी खते आधी त्यांच्या हाती दिली.

म्हणून घरखर्चाचे, भिशीचे, दिंडीच्या वर्गणीचे पैसे मी कान्होबांचे समजतो; त्यांना हात लावत नाही. कुणी लेकरू पुढे करून मागत असेल तर रोख देत नाही, वडापाव देतो. उरलेल्या आपल्या वाट्याचे काय करायचे, ते तुम्ही ठरवा.

परवा तो माणूस पुन्हा भेटला. पुन्हा कसाराच. त्याने मला ओळखले नाही. मी त्याला खिडकीपाशी नेले, तिकीट काढून हातात दिले. गाडीला अवकाश होता. तो चढतो की नाही, ते पाहायला मी थांबलो नाही.