परळचा रक्तगट आणि बाळाचे डोस

माझ्या नातवाला रोटाचे तिन्ही डोस मिळाले होते, तरी जुलाब लागलेच. नेरुळच्या आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी सुनेच्या दुधालाच दोष दिला. ‘अब्बा, माझंच काही चुकलं का?’ तिने मला विचारले. उत्तर शोधता शोधता मी परळच्या एका जुन्या शोधापाशी जाऊन पोहोचलो.

‘बॉम्बे’ हे नाव शहराने 1995 मध्ये टाकले, रक्तपेढीत मात्र ते टिकून आहे. 1952 साली केईएम रुग्णालयाचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधून ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. तपासणीत तो ‘ओ’ भासे, पण ‘ओ’ गटाचे रक्तही या माणसांना चालत नसे. इतरांच्या तांबड्या पेशींवर असणारी ‘एच’ नावाची साखर त्यांच्या पेशींवर नव्हतीच. भारतात अशी माणसे साधारण 10 हजारांत एखादी.

तीच साखर लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर चढवण्याचे काम शेजारचे दुसरे जनुक करते. आईवडील दोघांकडून त्याची निकामी प्रत मिळालेली माणसे मात्र दुर्मीळ नाहीत, जवळपास पाचांत एक. त्यांचा रक्तगट नेहमीचाच, त्यामुळे त्यांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

रोटा विषाणूचे सर्वांत फैलावलेले वाण आतड्यात याच साखरेला धरते. लसीतल्या दुबळ्या, जिवंत विषाणूने आतड्यात थोडे वाढावे लागते, तेव्हा कुठे शरीर त्याला ओळखायला शिकते. साखर नसली, तर त्या वाणाच्या लसीला धरायला जागाच मिळत नाही. पाकिस्तानात अशा बाळांमध्ये लसीनंतर प्रतिपिंडे कमी प्रमाणात तयार झालेली आढळली. गंमत म्हणजे, त्या वाणाचा आजारही या बाळांना कमी होतो.

आपल्या ‘रोटाव्हॅक’ची चाचणी पुण्याजवळच्या वढू इथे, तसेच दिल्ली आणि वेल्लोरला झाली. 2014 मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षी रोटाच्या तीव्र जुलाबांपासून साधारण 56 टक्के संरक्षण. युरोपात अशा लसींनी 90 टक्क्यांच्या वर मजल मारली होती. हा फरक जनुकांच्या माथी मारू नये. ‘रोटाव्हॅक’मधला विषाणू दिल्लीतल्या एका नवजात बाळाकडून मिळालेला, निराळ्या वाणाचा. शिवाय आईकडून आलेली प्रतिपिंडे, कुपोषण, आतड्यातले इतर जंतू हेही आड येतात. आणि 56 टक्के म्हणजे कितीतरी बाळांची सलाइन टळली. शिवाय सगळेच जुलाब काही रोटाचे नसतात.

नातवाच्या बाबतीत नेमके काय घडले, ते कोणी तपासले नाही. सुनेला मी म्हटले, दूध तोडू नकोस, आणि ओआरएसचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहा.