निराशेच्या गुरुजींचा वर्ग

आजचा विषय एका जपानी विनोदी चित्रकथेचा आहे. पण सुरुवात १९०३ सालापासून करावी लागेल, कारण या विनोदाचं मूळ तिथं आहे.

त्या वर्षी २२ मे रोजी, तोक्योच्या एका नामांकित विद्यालयातला फुजिमुरा मिसाओ हा १६ वर्षांचा मुलगा निक्कोच्या केगोन धबधब्यावर गेला. विश्वाचं कोडं उलगडत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यानं झाडाच्या खोडावर लिहून ठेवला आणि जीव दिला. त्याला इंग्रजी शिकवायला होते नात्सुमे सोसेकी, पुढचे थोर कादंबरीकार. वर्तमानपत्रांनी तो मजकूर देशभर पोचवला आणि त्याच्यामागून इतर तरुणही त्याच वाटेनं गेले. तिथून एक प्रतिमा रुजली : किमोनोतला, पुस्तकात डोकं खुपसलेला, जगाला विटलेला तरुण. निराशा म्हणजे जणू बुद्धीचा दागिनाच!

आता शंभर वर्षं पुढे या. १९९०च्या सुमारास जपानच्या तेजीचा फुगा फुटला. १९९७ साली यामाइची ही शेअर-दलालीतली मोठी पेढी बुडाली. १९९८ ते २०११, सलग १४ वर्षं, जपानमध्ये दरवर्षी ३०,०००हून जास्त माणसांनी आत्महत्या केल्या. निराशा आता दागिना राहिली नव्हती. ती घराघरांत शिरली होती.

नेमक्या याच काळात, २००५ साली, कोदान्शाच्या मुलांसाठीच्या साप्ताहिकात कोजी कुमेता यांची ‘सायोनारा, झेत्सुबो सेन्सेई’ सुरू झाली. झेत्सुबो म्हणजे निराशा, सेन्सेई म्हणजे गुरुजी. ती २०१२ पर्यंत चालली, ३० खंड झाले, २००७ साली कोदान्शाचा पुरस्कारही मिळाला. नायक आहे जुन्या वळणाचा किमोनो घालणारा शिक्षक, म्हणजे तीच १९०३ नंतरची प्रतिमा. तो ऊठसूट मरायला निघतो. पहिल्याच प्रकरणात एक कमालीची आशावादी विद्यार्थिनी त्याला वाचवायला धावते आणि त्या धांदलीत त्याचा जीव जाता जाता राहतो. मरायला आलेले गुरुजी मग, जीव धोक्यात घातला म्हणून, तिच्यावरच चिडतात! पोज आणि जगण्याची ओढ यांतलं अंतर एका क्षणात उघडं पडतं.

कोणी विचारेल, इतकी माणसं मरत असताना या विषयावर हसायचं? प्रश्न रास्त आहे. पण हसू कोणाला येतं ते बघा. दुःखी माणसाला नाही. दुःख मिरवणाऱ्याला, आणि दुःखावर शिक्का मारून मोकळं होणाऱ्या समाजाला. वर्गातल्या मुलींची नावंच शाब्दिक कोट्या आहेत. घराबाहेर न पडणाऱ्यांना जपानीत ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. तो शब्द १९९८च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ सैतो तामाकी यांच्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाला. इथं तशा मुलीचं नाव कोमोरी किरी. दुसरीच्या नावातून ‘चारचौघांसारखी’ असा अर्थ निघतो, आणि तिला ‘साधारण’ म्हटलेलं अजिबात खपत नाही. म्हणजे साधारण असणं हीसुद्धा एक व्याधीच! सगळ्यांवरच शिक्के बसले की एकाच्या शिक्क्याची लाज उरत नाही.

गुरुजींची रीतही ठरलेली. रोजच्या व्यवहारातलं एखादं ढोंग पकडायचं, त्यावरून हताश झाल्याची आरोळी ठोकायची आणि मग तशा उदाहरणांची यादी लावायची. त्यात तेव्हाचे पुढारी, कंपन्या, बातम्या येतात. इंग्रजी अनुवादकांना त्यासाठी टिपांची पानं जोडावी लागली. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, ‘जग व्यर्थ आहे’ या गोळाबेरीज विधानाचे इथं सुटे पैसे केले जातात. विश्वाच्या कोड्यापुढं माणूस एकटा पडतो; या सुट्या तक्रारींवर मात्र शेजारचा मान डोलावतो, हसतो. मला वाटतं, या मालिकेची खरी ओढ ही आहे.

आणि ते नाव! गुरुजींचं नाव इतोशिकी नोझोमु. आडनावाची दोन चिन्हं जवळजवळ लिहिली की त्यांचं एकच चिन्ह होतं आणि पूर्ण नाव ‘झेत्सुबो’ असं वाचलं जातं. पण ‘नोझोमु’ म्हणजे आस धरणं. आपल्याकडेही ‘निराशा’ हा शब्द आशेवाचून लिहिता येत नाही. गुरुजी दर आठवड्याला मरायला निघतात आणि दर आठवड्याला वर्गावर हजर असतात, याला दुसरं काय म्हणायचं?