एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स: सुरू होताना अडलं तर फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर सहसा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे गावोगावचे धडधाकट जुने कॉम्प्युटर मधेच अडकले. अनेकांनी त्यात उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतलं, पण विंडोज काढलं नाही. काढूनही चालत नाही. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा डोंगल, टॅली, जुन्या फॉन्टमधली कागदपत्रं, ही कामं अजून विंडोजवरच धड होतात. म्हणून एकाच हार्ड डिस्कवर दोन्ही ठेवायचे आणि सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

हे महिनोन्‌महिने सुरळीत चालतं. मग एक दिवस मेनूच येत नाही, किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजी दोन ओळी येऊन गाडी थांबते. कॉम्प्युटर तालुक्याच्या दुकानात जातो आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट मारला की दुकानाचा हिशोब, लग्नाचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, स्कॅन करून ठेवलेले उतारे सगळं जातं. खरं तर अशा दहातल्या बहुतेक वेळा आतली एकही फाईल हललेली नसते. फक्त आत शिरायची वाट हरवलेली असते.

मेनू गायब, थेट विंडोज उघडतं

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार हीच, आणि सगळ्यात सोपीही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर यूईएफआय नावाचा प्रोग्राम असतो. कोणती सिस्टिम आधी उघडायची याची यादी तो स्वतःकडे ठेवतो. यादीत उबुंटू वर असेल तर मेनू येतो, विंडोज बूट मॅनेजर वर असेल तर सरळ विंडोज उघडतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम कधीकधी बदलतो. लिनक्स पुसलं गेलं असं वाटतं, पण ते जागेवरच असतं.

कॉम्प्युटर बंद करा. चालू करताच बूट मेनूचं बटण सारखं दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला सहसा एफ१२, एचपीला आधी एस्केप आणि मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. यादी आली की उबुंटू निवडा. लिनक्स उघडलं म्हणजे निदान झालं. आता सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू पहिल्या नंबरला आणायचं आणि सेव्ह करून बाहेर पडायचं. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला फॉरमॅट कशाला?

फार जुना, यूईएफआय नसलेला कॉम्प्युटर असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे विंडोज नव्याने टाकलं की लिनक्सच्या मेनूवरच बसतं. मग लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून मेनू पुन्हा बसवावा लागतो. बूट रिपेअर नावाचा मोफत प्रोग्राम हे काम बऱ्यापैकी आपणहून करतो.

उलटं झालं तर: मेनूत विंडोजच दिसत नाही

लिनक्सच्या मेनूचं नाव ग्रब. २०२१ मध्ये ग्रबची २.०६ आवृत्ती आली, तेव्हापासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेलं असतं. त्यामुळे नव्याने लिनक्स टाकलेल्या काही कॉम्प्युटरवर मेनूत विंडोजचं नाव येत नाही आणि घरात ओरड होते की विंडोज उडवलं.

तोवर वर सांगितलेल्या बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडून काम चालवा. कायमचा उपाय लिनक्समधून होतो. ईटीसी फोल्डरच्या आत डिफॉल्ट फोल्डर आहे, त्यात ग्रब नावाची फाईल. तिच्यात ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ अशी ओळ असते. ओळीच्या सुरुवातीची हॅशची खूण काढायची, बरोबरच्या चिन्हापुढे फॉल्स ठेवायचं. ओळच नसली तर तशी लिहायची, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यायची. यादी तयार होताना विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ दिसली की झालं.

लिनक्स नको म्हणून पार्टिशन उडवलं आणि…

हा प्रकार तरुण पोरांकडून होतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं जातं आणि पुढच्या वेळी ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा नुसतं ‘ग्रब’ असं लिहिलेला काळा पडदा येतो. कारण साधं आहे. मेनू उघडण्याचं नाव यादीत राहिलं, पण मेनूची माहिती उडवलेल्या पार्टिशनमध्ये होती. विंडोज शाबूत आहे. बूट मेनूतून ते निवडायचं आणि बूट ऑर्डरमध्ये वर आणायचं. जुन्या, यूईएफआय नसलेल्या कॉम्प्युटरवर हे चालत नाही. तिथे विंडोजचा पेनड्राइव्ह लावून त्याच्या रिपेअरमधून बूट दुरुस्त करावा लागतो.

निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले तर

इथे मात्र थांबून वाचा, कारण डेटा खरोखर कायमचा जाण्याची जागा ही आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं कुलूप असतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने पहिल्यांदा लॉगिन केलं की ते पुष्कळदा आपोआप लागतं, मालकाला पत्ताही नसतो. रोज काही विचारत नाही, कारण चिपला सगळं ओळखीचं दिसतं. लिनक्स टाकताना सिक्युअर बूट बंद केला किंवा बूटची सेटिंग बदलली, की चिपला संशय येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती दिली तर विंडोज उघडतं. नाही मिळाली तर ड्राइव्ह कोणालाच उघडता येत नाही, कंपनीलाही नाही.

ही की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाईलवरून त्या अकाउंटमध्ये लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये पाहिली तर मिळते. गावाकडची खरी अडचण पुढे आहे. लॅपटॉप घेताना अकाउंट दुकानदाराने किंवा पुण्या-मुंबईच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असतं. की त्या अकाउंटमध्ये, आणि त्याचा पासवर्ड कोणाच्याही लक्षात नाही. म्हणून लिनक्स टाकण्याआधी, आणि आधीच टाकलं असेल तर आजच, विंडोज उघडून बिटलॉकर चालू आहे का ते पाहावं. चालू असेल तर की वहीत लिहून कपाटात ठेवावी. त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह केलेली की काही कामाची नाही.

की मागितली म्हणून घाबरून विंडोज नव्याने टाकू नये. आधी जे बदललं ते पूर्ववत करून बघावं. सिक्युअर बूट बंद केला असेल तर परत चालू करावा. अनेकदा एवढ्यानेच विचारणं थांबतं.

सिक्युअर बूटचीच दुसरी भानगड ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. विंडोजच्या अपडेटने जुन्या, कमकुवत बूट फाईल अडवायला सुरुवात केली आणि त्या झटक्यात ड्युअल बूटवाल्यांचं लिनक्स अडलं. पडद्यावर ‘एसबीएटी’ हा शब्द असलेला संदेश येऊन कॉम्प्युटर बंद व्हायचा. जुना लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर आजही हा संदेश दिसू शकतो. नवी आवृत्ती उतरवून पेनड्राइव्ह पुन्हा बनवणं हा त्यावरचा सरळ उपाय. डिस्कवरचंच लिनक्स अडलं असेल तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्स अपडेट करावं, मग परत चालू करावा. अर्थात बिटलॉकरची की हाताशी असेल तरच.

घड्याळ साडेपाच तास मागे

लिनक्स वापरून विंडोज उघडलं की घड्याळ बरोबर ५ तास ३० मिनिटं मागे दिसतं. बॅटरी गेली म्हणून मदरबोर्डचा सेल बदलून आणणारेही आहेत. सेलचा यात संबंध नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. दोन्हींतला फरक साडेपाच तासांचा.

ही किरकोळ गोष्ट नाही. पहाटे ५ वाजता दूध संकलनाचा कॉम्प्युटर सुरू केला तर विंडोजमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि पावतीवर कालची तारीख छापून येते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा एकदा दिली की दोघांचं जमतं. आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्यायची, शेवटच्या एकाआधी मोकळी जागा सोडायची.

डी ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडत नाही

विंडोजमध्ये शटडाऊन केलं तरी ते पूर्ण झोपत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट स्थिती डिस्कवर ठेवतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. अशा वेळी लिनक्स त्या ड्राइव्हला हात लावायला तयार होत नाही. ड्राइव्ह उघडतच नाही, किंवा उघडला तरी फाईल सेव्ह होत नाही. लिनक्सचं वागणं बरोबर आहे. जबरदस्तीने उघडलं तर फाईल खराब होतात.

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ते ठरवण्याचा पर्याय, आणि त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढायची. घाई असेल तर शटडाऊनऐवजी रिस्टार्ट करून लिनक्समध्ये शिरलं तरी भागतं. मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली असू शकते, तेवढं पाहत जावं.

टाकतानाच अडलं तर

लिनक्स टाकताना हार्ड डिस्कच दिसत नसेल तर डिस्क बहुधा इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये असते. तो मोड बदलून एएचसीआय करायला सांगितलं जातं. सरळ बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्यायचं आणि नंतर सेफ मोड काढायचा. हा क्रम मोडू नये.

वायफाय चालत नसेल तर लॅपटॉप खराब समजू नका. काही वायफाय चिपचे ड्रायव्हर नंतर टाकावे लागतात. मोबाईल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला लगेच नेट मिळतं. त्या नेटवर ड्रायव्हर उतरवून घ्या.

जागा करताना विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावं. आणि हे काम लाईटच्या वेळापत्रकाकडे बघून करावं. बांध सरकवताना अर्ध्यात काम सोडलं तर दोन्हीकडचं पीक तुडवलं जातं, पार्टिशनचंही तसंच आहे. लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस हवा. त्याआधी महत्त्वाच्या फाईल दुसऱ्या डिस्कवर काढलेल्या हव्यातच.

दुकानात नेण्यापूर्वी

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून बिघडलेला कॉम्प्युटर सुरू करा. इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ हा पर्याय निवडला की आतल्या फाईल दिसतात आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेता येतात. बिटलॉकर लागलेला ड्राइव्ह इथेही कीच मागेल. फाईल काढून झाल्या की मग फॉरमॅटची गोष्ट बोलावी, आणि दुकानदाराला काय काढलं, काय राहिलं ते लिहून द्यावं.

पेनड्राइव्हवरूनही डिस्क दिसत नसेल, बायोसच्या यादीतही तिचं नाव नसेल, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर हा ड्युअल बूटचा प्रश्नच नव्हे. डिस्क निकामी होत आहे. पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नका, तसाच बंद ठेवून डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.